समृद्धीवर विजेच्या गाडीची क्रूझ अकारण ब्रेक लावते आणि लेन सोडते: कारण कसे शोधावे

ठाणे ते नागपूर हा प्रवास मी आमच्या विजेच्या गाडीने, स्वतः चालवत करते. माझे माहेर नागपूरचे असल्यामुळे वर्षातून चार-पाच खेपा ठरलेल्याच असतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि तेव्हापासून भिवंडीजवळ आमण्याला चढून थेट नागपूरजवळच्या शिवमडक्याला उतरता येते. मधल्या ७०१ किलोमीटरमध्ये सिग्नल नाही, चौक नाही, दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही, प्रत्येक बाजूला तीन लेन आहेत आणि मोटारींना बहुतेक ठिकाणी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणेसाठी, म्हणजे आपण सगळे जिला ‘ॲडास’ म्हणतो तिच्यासाठी, याहून सोयीचा रस्ता महाराष्ट्रात नसेल असे मला वाटत होते. पण नेमक्या याच रस्त्यावर तिने मला सर्वांत जास्त त्रास दिला.

तक्रारी दोन होत्या. पहिली अशी की, ॲडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे समोरच्या वाहनाप्रमाणे वेग आपोआप सांभाळणारी सोय, १०० वर लावलेली असताना आणि समोर दूरपर्यंत एकही वाहन नसताना गाडी एकाएकी ब्रेक लावत असे. दोन-तीन सेकंदांत वेग पंचाहत्तर-ऐंशीवर येई आणि मग काहीच झाले नाही अशा थाटात ती पुन्हा वेग घेई. मागून ट्रॅव्हल्सची बस येत असेल तर त्या दोन-तीन सेकंदांत जिवाचे पाणी होते. दुसरी तक्रार अशी की, लेनच्या मधोमध गाडी धरून ठेवणारी यंत्रणा मध्येच सोडून देत असे, आणि ती सुटल्याची खूण म्हणून पडद्यावरचे हिरवे चाक करडे होण्यापलीकडे काही घडत नसे. सर्व्हिस सेंटरला मी दोनदा गाडी नेली. दोन्ही वेळा संगणक जोडला गेला, एकही दोष नोंदलेला आढळला नाही आणि गाडी धुऊन परत मिळाली.

नोंदलेला दोष नव्हता, कारण यंत्रणेच्या दृष्टीने तिने चूक केलीच नव्हती. तिला जे दिसले त्यावर तिने ठरल्याप्रमाणे निर्णय घेतला होता. त्यामुळे अशा तक्रारीत ‘कोणता भाग बिघडला’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. त्या क्षणी यंत्रणेला काय दिसले असावे, हे विचारावे लागते.

यंत्रणा निर्णय कसा घेते

आजच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये किंवा बोधचिन्हाच्या मागे ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारे रडार असते आणि पुढच्या काचेला, आरशाच्या मागे, कॅमेरा असतो. काही गाड्या केवळ कॅमेऱ्यावर चालतात. रडार अंतर आणि वेगातला फरक फार अचूक सांगते, मात्र समोरच्या वस्तूचा आकार आणि तिची उंची त्याला तितकीशी कळत नाही. कॅमेऱ्याला आकार, पट्टे आणि फलक कळतात, पण त्याला आपल्या डोळ्यांसारखाच उजेड लागतो आणि डोळ्यांसारखीच तिरीप सहन होत नाही.

रस्त्यावर स्थिर वस्तू असंख्य असतात: कठडे, फलक, उड्डाणपुलांच्या तुळया, दिशादर्शक फलकांच्या लोखंडी कमानी. रडारने अशा प्रत्येक स्थिर परावर्तनाला ब्रेक लावायचा ठरवला तर गाडी एक किलोमीटरही धड जाणार नाही, म्हणून महामार्गाच्या वेगाला स्थिर परावर्तने बहुतांशी दुर्लक्षिली जातात किंवा कॅमेऱ्याने दुजोरा दिला तरच मानली जातात. अकारण लागलेला ब्रेक आणि लागायला हवा असताना न लागलेला ब्रेक ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. एक हलके केले की दुसरे जड होते. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

नोंदी ठेवल्याशिवाय काहीही सापडत नाही

आरंभी मी सगळा दोष मावळत्या उन्हाला देऊन मोकळी झाले होते. समृद्धी मोठ्या अंतरापर्यंत पूर्व-पश्चिम धावते. ठाण्याहून पहाटे निघालो की शिर्डी ओलांडताना ऊन समोरून येते आणि नागपूरहून दुपारी निघालो की वैजापूर-सिन्नरच्या पट्ट्यात मावळता सूर्य पुन्हा समोरच असतो. डिसेंबरातल्या परतीच्या प्रवासात गाडीने पाच वेळा अकारण ब्रेक लावला आणि लेन असंख्य वेळा सोडली. संध्याकाळ होती, ऊन डोळ्यांवर होते, तेव्हा कारण उघड आहे असे आम्ही घरात ठरवून टाकले.

पुढच्या खेपेपासून माझ्या मुलाने शेजारी बसून वही ठेवली. प्रत्येक प्रसंगाला त्याने वेळ, रस्त्याकडेच्या पाटीवरचा किलोमीटर दाखवणारा चॅनल क्रमांक, ऊन कुठून आहे, वर कमान किंवा पूल आहे का, शेजारच्या लेनमध्ये कोण आहे, गाडीत माणसे किती आणि डिकीत सामान किती, एवढे लिहिले. समृद्धीवर ही सोय चांगली आहे, कारण नागपूरपासून मोजलेले हे चॅनल क्रमांक ठळक लावलेले आहेत आणि तीच जागा पुढच्या खेपेला नेमकी सापडते.

जानेवारीत जाताना, हलक्या गाडीने, शिर्डीपुढे समोरून ऊन असताना लेन सुटत राहिली, पण ब्रेक एकदाही लागला नाही. तिथेच पहिली शंका आली. परतताना आम्ही मुद्दाम पहाटे चारला नागपूर सोडले. अंधार होता आणि नंतर उगवलेला सूर्यही पाठीशी राहिला, तरी मेहकरपर्यंत गाडीने तीन वेळा ब्रेक लावला आणि तिन्ही वेळा डोक्यावर फलकांची लोखंडी कमान होती. लेन मात्र तिने छान धरली. फेब्रुवारीत संध्याकाळी परतलो तेव्हा सामान आधीच ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पाठवले होते. वैजापूरपाशी ऊन समोर आले तशी लेन सुटली, पण त्याच कमानींखालून गाडी विनातक्रार गेली.

म्हणजे आजार एक नव्हता, दोन होते. डिसेंबरात ते एकाच वेळी उद्भवले म्हणून एकच वाटले होते. लेनचा संबंध उन्हाशी होता आणि ब्रेकचा सामानाशी.

डिकीतले ओझे आणि कमानीखालचा ब्रेक

नागपूरहून परतताना आमच्या गाडीत काय असते ते वेगळे सांगायला नको. आई संत्र्यांच्या पेट्या भरून देते, त्यात वडी-पापडाचे डबे आणि तांदळाचे पोते वाढते, आणि मागच्या आसनावरही माणसे असतात. मी एका रविवारी ठाण्यात, सोसायटीच्या सपाट आवारात, मोजपट्टी घेऊन चाकांवरच्या कमानींची जमिनीपासूनची उंची मोजली, प्रथम रिकाम्या गाडीची आणि नंतर तेवढेच ओझे भरून. पुढची बाजू होती तिथेच राहिली आणि मागची ५ सेंटिमीटर खाली बसली.

पाच सेंटिमीटर म्हणजे किरकोळ वाटते. पण दोन चाकांमधले अंतर २.७ मीटर धरले तर गाडीचे नाक त्यामुळे सुमारे १ अंशाने वर उचलले जाते, आणि १ अंश म्हणजे १०० मीटरवर पावणेदोन मीटर. रडारची जी झोत-रेषा समोरच्या ट्रकच्या मागच्या फळीवर पडायची ती आता वर सरकते आणि दूरच्या लोखंडी कमानीचे परावर्तन तिला एरवीपेक्षा ठळक मिळते. कमानीची उंची धड न कळणाऱ्या रडारला ती रस्त्यावर उभी असलेली वस्तू वाटू शकते. रात्री भिवंडीच्या रस्त्यावर समोरून येणारे चालक मला डिपर देत होते, तेही याच कारणाने. हेडलाइटचा झोतही तेवढाच वर गेला होता. ही खूण मी डिसेंबरातच ओळखायला हवी होती.

त्यानंतर मी तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला गेले तेव्हा ‘कधीकधी आपोआप ब्रेक लागतो’ असे मोघम न सांगता वही पुढे ठेवली आणि रडारचा उभा कोन मोजायची स्पष्ट मागणी केली. कोन मोजला गेला. तो मर्यादेच्या आत होता, पण वरच्या टोकाला होता. रिकाम्या गाडीला तो चालत होता आणि ओझ्याने मर्यादेपलीकडे जात होता. तो मध्यावर आणून मिळाला. वर्षापूर्वी पार्किंगमध्ये बंपरला लागलेला हलका धक्का याचे कारण असू शकतो, कारण रडार बंपरच्या मागच्या पट्टीवर बसवलेले असते आणि बाहेरून बंपर सरळ दिसला तरी आतली पट्टी सरकलेली असू शकते.

घरी करण्यासारखे उपाय दोन आहेत आणि दोन्ही फुकटचे आहेत. जड सामान डिकीच्या टोकाला न ठेवता मागच्या आसनाच्या पाठीला टेकवून, तळाशी ठेवावे. शक्य असेल तर पेट्या मागच्या आसनाच्या पायापाशी ठेवाव्यात. दुसरे म्हणजे, चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो टायरच्या हवेचा कागद चिकटवलेला असतो त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक नेहमीचा आणि एक पूर्ण भाराचा. आपण वर्षभर नेहमीचाच आकडा वापरतो. पूर्ण भाराच्या प्रवासाला निघताना, टायर थंड असताना, दुसऱ्या आकड्याप्रमाणे हवा भरावी. समृद्धीच्या काँक्रीटवर तासन्‌तास वेगाने जाताना टायरच्या सुरक्षेसाठीही तेच बरोबर आहे. विजेच्या गाडीत जड बॅटरी तळाशी असते म्हणून ओझ्याने तिला फरक पडत नाही, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. तो चुकीचा आहे. बॅटरीमुळे गाडी आधीच जड असते आणि माणसे-सामानासाठी उरलेली वजनमर्यादा काही गाड्यांत अपेक्षेपेक्षा कमी निघते. पुस्तिकेतला आकडा एकदा पाहून घ्यावा.

शेजारच्या लेनमधल्या ट्रकला ब्रेक

हा प्रकार वेगळा ओळखावा. वळणाच्या सुरुवातीला डावीकडच्या लेनमधला ट्रक काही क्षण अगदी आपल्या समोर दिसतो आणि गाडी ब्रेक लावते. हे थोडेफार सर्वच यंत्रणांत होते, कारण आपण पुढे कुठे जाणार हे गाडी स्टीअरिंगचा कोन आणि गाडीचे वळणे यावरून ताडत असते आणि वळण सुरू होण्याआधी तिला ते पुरते कळलेले नसते. वळणापूर्वी आपणच वेग थोडा कमी केला किंवा ट्रकला ओलांडून झाल्यावर क्रूझ पुन्हा लावली की भागते.

मात्र सरळ रस्त्यावरही शेजारच्या ट्रकला ब्रेक लागत असेल तर टायर बदलल्यानंतर किंवा अलाइनमेंट केल्यानंतर हे सुरू झाले का, ते आठवून पाहावे. गाडी सरळ जात असताना स्टीअरिंग जरा तिरके राहात असेल, किंवा ते सरळ दिसत असूनही स्टीअरिंग-कोनाच्या सेन्सरचा शून्य पुन्हा नोंदवलेला नसेल, तर गाडीला आपण सतत किंचित डावीकडे वळत आहोत असे वाटते आणि ती डावीकडच्या लेनमधल्या वाहनाला आपल्या मार्गात धरते. लेन धरून ठेवणारी यंत्रणाही अशा गाडीत एका पट्ट्याकडे झुकून चालते. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे अलाइनमेंट उत्तम होते, पण हा शून्य नोंदवायचे साधन त्याच्याकडे असेलच असे नाही. अलाइनमेंटचा छापील कागद घ्यावा आणि सेन्सरचा शून्य नोंदवला का, ते विचारावे.

लेन सुटणे: काँक्रीट, ऊन आणि काच

समृद्धीचा रस्ता काँक्रीटचा आहे आणि पांढऱ्या पट्ट्याला फिकट काँक्रीटवर डांबरी रस्त्यासारखा उठाव मिळत नाही. त्यात सूर्य समोर आणि खाली असला की रस्ता चकाकतो आणि पट्टा त्या चकाकीत विरघळतो. उलट भेगा आणि सांधे बुजवण्यासाठी ओतलेला काळा मसाला उन्हात पट्ट्याहून ठसठशीत दिसतो. लांबीच्या दिशेने, पट्ट्याला जवळपास समांतर गेलेली अशी काळी रेघ लेनची कड म्हणून वाचली गेल्याचे मी दोन ठिकाणी पाहिले. स्टीअरिंग हातात हलकेच डावीकडे ओढले गेले. इगतपुरीजवळच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडताना उजेड एकदम अंगावर येतो आणि तिथेही कॅमेरा क्षणभर दिपतो. या गोष्टी आपल्या हातात नाहीत. अशा पट्ट्यांत लेन-यंत्रणा स्वतः बंद करणे आणि स्टीअरिंग घट्ट हाती घेणे हेच योग्य आहे, कारण ती आपोआप सुटण्यापेक्षा आपण ठरवून सोडलेली बरी.

आपल्या हातात जे आहे ते काचेवर आहे. कॅमेऱ्यासमोरच्या काचेचा आरशामागचा टीचभर भाग आतून आणि बाहेरून स्वच्छ असायला हवा. बाहेरचा भाग वायपर पुसतो, पण वायपरचे रबर जुने झाले असेल तर ते पाण्याची अर्धवर्तुळाकार रेघ नेमकी कॅमेऱ्यासमोर सोडते. पावसाळ्याआधी रबर बदलावे. आतला भाग जास्त फसवा असतो. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकची वाफ काचेवर आतून बसते आणि तिचा धुरकट थर एरवी दिसतही नाही, पण सूर्य समोर आला की अख्खी काच दुधाळ होते. आमच्या गाडीत कॅमेऱ्याभोवतीचे काळे झाकण काढून आतली काच पुसल्यावर मुलाने पांढऱ्या कापडावर आलेला पिवळट डाग मला दाखवला. त्यानंतरच्या खेपेत, त्याच वेळी आणि त्याच ठिकाणी, लेन सुटण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले. हे झाकण स्वतः काढू नये. कॅमेरा हलला तर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे, करावे लागते, म्हणून हे काम सर्व्हिसच्या वेळी सांगून करून घ्यावे.

फास्टॅगचा कागदही पाहावा. तो काचेवर वर, मध्यभागी लावायची पद्धत आहे आणि कॅमेरा तिथेच असतो. बँक बदलल्यावर जुना टॅग काढून नवा लावताना तो काही मिलिमीटरांनी सरकून कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात आलेला मी आमच्याच सोसायटीतल्या एका गाडीत पाहिला आहे. देवाच्या नावाची पट्टी, डॅशकॅम आणि त्याची लोंबणारी वायर, गडद फिल्म, सर्वांना हाच नियम लागू आहे. खडा उडून काच तडकली आणि बदलली असेल तर कॅलिब्रेशन झाल्याचा कागद मागावा. विम्याच्या कामात काच बसते, बिल होते आणि कॅलिब्रेशन राहून जाते. त्यानंतर लेन सुटू लागली तर रस्त्याला दोष देण्याआधी हे तपासावे.

रडारसमोर काय आले आहे

‘पुढचा सेन्सर झाकला गेला आहे’ असा संदेश येत असेल तर काम सोपे आहे. पावसाळा संपता संपता रात्री समृद्धीवरून गेले की बंपरवर किड्यांचा थर बसतो, वर पावसाचे शिंतोडे आणि माती. कोरड्या फडक्याने घासू नये. ओले फडके बोधचिन्हावर दहा मिनिटे ठेवून थर भिजू द्यावा आणि मग हलक्या हाताने पुसावा. जोराचा पाऊस असेल तर क्रूझ आपोआप बंद होणे हा दोषच नाही, कारण या वारंवारितेच्या लहरींना पाणी अडवते आणि काचेवरच्या पाण्यातून कॅमेऱ्यालाही धड दिसत नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर झेंडूची माळ नेमकी बोधचिन्हावरून बांधली जाते. ती हौस मलाही आहे. पण ताजी, ओली माळ रडारसमोर असताना क्रूझवर विसंबता येत नाही, म्हणून माळ बोनेटवर वाहावी आणि महामार्गावर चढण्याआधी उतरवून आत ठेवावी. जास्त काळजी दुरुस्त केलेल्या बंपरची घ्यावी. रडारसमोरच्या भागावर पुटी भरून रंग मारला असेल, रंगाचे थर वाढले असतील किंवा बाहेरून धातूचा गार्ड बसवला असेल तर संदेश न देताही रडारचे अंतर घटते. गार्ड काढावा. बंपर त्या भागात फुटला असेल तर तो बदलणेच योग्य आहे.

विजेच्या गाडीचे खास प्रश्न

सकाळी गाडी सुरू करताच ॲडास, एबीएस, स्टीअरिंग, पार्किंग सेन्सर असे चार-पाच इशारे एकदम लागले आणि काही मिनिटांनी निघून गेले, तर सेन्सरच्या मागे लागू नये. विजेच्या गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि सगळी नियंत्रक यंत्रे त्या बॅटरीवर जागी होतात. ती थकली असेल, किंवा रात्रभर डॅशकॅमने तिला शोषले असेल, तर मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही ही यंत्रे विजेच्या कमी दाबामुळे गोंधळतात. छोट्या बॅटरीची तपासणी पाच मिनिटांत होते. लांबच्या प्रवासाआधी ती करून घ्यावी.

दुसरा प्रश्न उताराचा. उतारावर क्रूझ वेग धरून ठेवते ती बरीचशी विजेच्या मोटरला जनित्रासारखे चालवून आणि त्यातून मिळणारी ऊर्जा बॅटरीत परत भरून, म्हणजे रिजनने. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती ऊर्जा ठेवायला जागाच नसते आणि रिजन कमी किंवा बंद होते. नागपूरकडून येताना इगतपुरीच्या आसपास शंभर टक्के चार्ज करून लगेच कसाऱ्याकडचा उतार धरला तर गाडी आधी ठरवलेल्या वेगापलीकडे जाते आणि मग साध्या ब्रेकने झटक्यात आवरते. हा झटका अकारण ब्रेकसारखा वाटतो, पण त्याचे कारण बॅटरीत आहे. त्या ठिकाणी ऐंशी टक्क्यांवर थांबावे. जलद चार्जरवर शेवटच्या वीस टक्क्यांना तसाही फार वेळ लागतो आणि इगतपुरीहून ठाणे जवळ आहे.

तिसरा प्रश्न वेगाचा आहे आणि तो पल्ल्याशी जोडलेला आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे १०० ऐवजी १२० ला तो ४४ टक्क्यांनी जास्त असतो. शिवाय १२० ला दोन सेकंदांचे अंतर ६७ मीटर होते आणि १०० ला ५६ मीटर. मोठ्या मोकळ्या अंतरात शेजारची वाहने घुसतात, क्रूझ ब्रेक लावते, पुन्हा वेग घेते, आणि या ओढाताणीत वीज खर्च होते. मी आता क्रूझ ९५ ते १०० वर ठेवते. पल्ला वाढला हे खरेच, पण वहीतल्या ब्रेकच्या नोंदीही कमी झाल्या, कारण हळू चाललेला ट्रक ओळखायला यंत्रणेला जास्त वेळ मिळतो.

काही छोट्या गोष्टी. हात स्टीअरिंगवर असूनही ‘हात ठेवा’ असा इशारा वारंवार येत असेल तर गाडी हाताचा हलका पीळ मोजते की स्पर्श ओळखते, हे पुस्तिकेत पाहावे. पहिल्या प्रकारात एक हात बाजूला ठेवून त्याचे किंचित वजन पडू द्यावे, दुसऱ्या प्रकारात हौसेने घातलेले जाड कव्हर काढून टाकावे. इशारा थांबवण्यासाठी स्टीअरिंगला पाण्याची बाटली अडकवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि कळकळीने सांगते, असे कृपया कोणीही करू नये. गाडी मोकळ्या रस्त्यावर आपणहून ८० वर स्थिरावत असेल तर कॅमेऱ्याने ट्रकच्या मागचा ८० चा गोल स्टिकर वेगमर्यादेचा फलक म्हणून वाचलेला असू शकतो. फलक वाचून वेग ठरवण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. आणि सॉफ्टवेअर अपडेट निघण्याच्या आदल्या रात्री करू नये, कारण त्यानंतर अंतराची आणि संवेदनशीलतेची सेटिंग बदललेली असू शकते व ते आपल्याला १०० च्या वेगात कळते.

जे दुरुस्त होत नाही

उभ्या वाहनाबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. रडार स्थिर परावर्तने बाजूला सारते हे वर सांगितले. त्याचाच दुसरा अर्थ असा की टायर फुटून लेनमध्ये उभा राहिलेला, मागचे दिवे नसलेला ट्रक तुमच्या यंत्रणेला १०० च्या वेगात वेळेवर दिसेल याची खात्री कोणतीही पुस्तिका देत नाही. पुढची गाडी ऐनवेळी लेन बदलते आणि तिच्याआड लपलेले उभे वाहन समोर येते, तेव्हा तर वेळ आणखी कमी असतो. आपल्या गाड्यांतली ही यंत्रणा स्वयंचलनाच्या शून्य ते पाच या स्तरांपैकी दुसऱ्या स्तराची आहे आणि त्या स्तराला रस्ता पाहण्याचे काम पूर्णपणे चालकाचे असते. रडारचा कोन कितीही नीट लावला तरी हे बदलत नाही. रात्री मी क्रूझ ९० च्या वर लावत नाही, सर्वांत अलीकडच्या चार्जिंगपासून दीड तास झाला की डोळे ताजे असले तरी थांबते, आणि पुढे कुठेही इंडिकेटर लुकलुकताना दिसले की क्रूझ आधी काढते.

सर्व्हिस सेंटरला तक्रार कशी द्यावी

जॉब कार्डवर ‘ॲडास चेक करणे’ एवढेच लिहिले जाते आणि तेवढेच होते. आमच्या कार्डवर मी पुढील मजकूर शब्दशः लिहून घेतला होता: ‘चार माणसे व डिकीत सुमारे १०० किलो सामान असताना, १०० किमी वेगाला, क्रूझ चालू, समोर वाहन नाही, फलकांच्या कमानीखाली वेग ७५ ते ८० पर्यंत घटतो, हलक्या गाडीत त्याच ठिकाणी होत नाही. रडारचा उभा व आडवा कोन मोजून आकडा लेखी द्यावा. स्टीअरिंग-कोन सेन्सरचा शून्य तपासावा. कॅमेऱ्यासमोरची काच आतून स्वच्छ करून कॅलिब्रेशन करावे व त्याचा कागद द्यावा. १२ व्होल्ट बॅटरी भार देऊन तपासावी.’ खाली वहीतल्या आठ नोंदी वेळ आणि चॅनल क्रमांकासह जोडल्या. गाडी त्याच दिवशी संध्याकाळी परत मिळाली, आणि कागदावर पहिल्यांदाच आकडे होते.